ब्रेझा की नेक्सॉन? आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

तुमचा प्रश्न असा: घर बोरिवलीला, ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, घरी गुडघेदुखीची आई आणि लहान मुलगी, वर्षातून दोनदा चिपळूण. ब्रेझा ऑटोमॅटिक घ्यावी, की तेवढ्याच पैशांत जास्त फीचर्सची गिअरवाली नेक्सॉन पेट्रोल? माझ्याकडे २०२१ पासून नेक्सॉन पेट्रोल आहे, गिअरचीच, आणि या गाडीवर माझा जीव आहे. तरी तुम्हाला मी ब्रेझा सांगेन.

रोजच्या रस्त्यापासून बघा. नेक्सॉनचं इंजिन ११९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, टर्बो. १७० न्यूटन-मीटरचा जोर आहे, पण तो १७५० आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) पुढे. त्याखाली इंजिन जरा मंद वाटतं. सकाळी नऊला कांदिवली ते जोगेश्वरी तुम्ही त्याखालीच असणार: पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, आणि पाय सतत अर्ध्या क्लचवर. मी भांडुपहून घाटकोपरला एलबीएस रोडने जातो. मेट्रोच्या कामात रस्ता अरुंद झाला आणि दुसऱ्या वर्षापासून माझा डावा गुडघा रोज संध्याकाळी ठणकायला लागला. लिफ्टची वाट बघतानाही मी भार उजव्या पायावर टाकून उभा राहायचो.

ब्रेझाचं इंजिन १४६२ सीसीचं, चार सिलिंडरचं, बिनटर्बोचं. कागदावर १४० न्यूटन-मीटरच्या आत, म्हणजे कमीच, पण कमी वेगात अडखळत नाही. त्याला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे क्लचच्या पॅडलशिवाय, तेलाच्या दाबावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ब्रेक सोडला की गाडी आपोआप, अलगद पुढे सरकते. माझ्या मेहुण्याची ब्रेझा मी एकदा सलग आठवडाभर ऑफिसला नेली, तेव्हा हा फरक पटला. नेक्सॉनमध्येही ऑटोमॅटिक मिळते, पण एएमटीत (साध्याच गिअरबॉक्सचे गिअर यंत्र बदलतं) गिअर बदलताना हलका झटका बसतो, आणि ड्युअल क्लच (दोन क्लचचा, अलगद गिअर बदलणारा ऑटोमॅटिक) हवा तर तुमचं बजेट ताणावं लागेल.

मग मी नेक्सॉन का ठेवली? दर पंधरा दिवसांनी साताऱ्याला जातो म्हणून. घरची पाच माणसं, एसी चालू, आणि खंबाटकी घाट ती तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढते. ब्रेझा तिथे गिअर खाली टाकते आणि इंजिनाचा आवाज वाढतो. तुम्हाला चिपळूणला जाताना कशेडी घाट आता बोगद्यामुळे टळतो, राहतो तो परशुराम घाट. वर्षातून दोनदा तेवढा आवाज चालून जाईल.

सुरक्षेत मात्र माझं मत नेक्सॉनलाच. २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी, आणि २०२४ मध्ये कडक झालेल्या चाचणीतही तिने पाच तारे टिकवले. जुन्या व्हिटारा ब्रेझाला २०१८ मध्ये चार होते. दर आठवड्याला हायवे असता तर एवढ्या एका गोष्टीवर मी तुम्हाला नेक्सॉन घ्यायला लावली असती. गाडी कोणतीही घ्या, मागे बसलेल्या आईला पट्टा लावायला लावा आणि मुलीसाठी चाइल्ड सीट पहिल्याच दिवशी बसवून घ्या. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही.

‘तेवढ्याच पैशांत जास्त फीचर्स’ यामागे मुख्य कारण कराचं आहे. लांबी दोन्हींची ३९९५ मिमी, म्हणजे चार मीटरच्या आत. पण पेट्रोल गाडीला कमी जीएसटी लागायला इंजिनही १२०० सीसीच्या आत लागतं. म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून नेक्सॉनवर १८ टक्के आणि पेट्रोल ब्रेझावर ४० टक्के. सनरूफ आणि मोठा स्क्रीन बघून हुरळू नका. रोज दोन-अडीच तास तुम्ही स्क्रीनवर नाही, पॅडलवर घालवणार आहात.

आईला शोरूममध्ये सोबत न्या आणि मागच्या सीटवर दोन-तीनदा चढ-उतार करायला सांगा. माझ्या आईला नेक्सॉनमध्ये बसताना मान वाकवावी लागते, छत मागे उतरतं आहे. ब्रेझात ती सरळ बसते, एक हात दाराच्या वरच्या हँडलला धरून. डिकी ब्रेझाची लहान, ३२८ लिटर, नेक्सॉनची ३८२. गणपतीला जाताना हे जाणवेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवणारं) असेल तर बुकिंगच्या आधी टेप घेऊन खाली जा. आमच्याकडे खालच्या पॅलेटशेजारच्या (गाडी ठेवायची लोखंडी पाटी) खांबावर उंचीची मर्यादा १६५० मिमी रंगवलीय. नेक्सॉनची उंची १६२० मिमी, ती बसते. ब्रेझाची १६८५, ती बसत नाही. तुमच्याकडेही तसंच असेल आणि वरचा पॅलेट मिळणार नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि नेक्सॉनच घ्या, फक्त दोन-तीन महिने थांबून पैसे जमवा आणि ड्युअल क्लचची घ्या.