आधी गोळ्या मोजा, मुलाशी नंतर बोला

प्रश्न थोडक्यात असा होता: मुलगा १५ वर्षांचा आहे, घरात सासूबाईंच्या झोपेच्या गोळ्या असतात त्या कमी झाल्यासारख्या वाटतात, खोकल्याच्या औषधाची बाटलीही कुणाला खोकला नसताना संपली, तर त्याला विचारायचं कसं आणि सगळी औषधं कुलुपात टाकायची का.

मी तुमच्या प्रश्नात 'वाटतात' या शब्दापाशीच अडलो. वाटतात, म्हणजे आधी किती होत्या ते माहीत नाही. तुम्हाला दोष देत नाहीये, कुणाच्याच घरी माहीत नसतं. मोबाईलची बॅटरी किती टक्के उरली ते आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, पण औषधांच्या डब्यात काय आहे आणि किती आहे हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. आणि पोरांना नेमकं हेच ठाऊक असतं की इथे कुणी मोजत नाही.

मी फार्मासिस्ट आहे, हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीमागे १६ वर्षं झाली. दिवसभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजतो, आणि माझ्याच घरात हे झालं. भाची आमच्याकडे राहून शिकत होती, तेव्हा १६ ची. माझ्या आईला म्हणजे तिच्या आजीला डॉक्टरांनी अल्प्राझोलम म्हणजे घबराट कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी दिलेली, रात्री अर्धी. एक दिवस आई म्हणाली, यावेळी गोळ्या लवकर संपल्या रे. मी काय म्हणालो असेन? 'तू दोनदा घेत असशील, विसरतेस हल्ली.' झालं, विषय संपला. म्हाताऱ्या माणसाच्या विसरभोळेपणावर खापर फोडणं किती सोपं असतं बघा. पुढच्या महिन्यात परत तेच, तेव्हा मात्र मी ते पाकीट हातात घेऊन नीट बघितलं. आईचे हात थरथरतात, ती गोळी काढते तेव्हा मागची चंदेरी फॉइल फाटून लोंबत राहते. पण त्या पाकिटात ३ खाचा अशा होत्या की फॉइल नखाने एका बाजूने कापून, गोळी काढून, परत दाबून गुळगुळीत बसवलेली. वरून बघितलं तर भरलेली वाटावी. ते बघून पोटात खड्डा पडला माझ्या.

आणि त्यानंतर मी जी चूक केली ती तुम्ही करू नका म्हणून सांगतो. रात्री सगळे बसलेले असताना सरळ विचारलं, 'तू आजीच्या गोळ्या घेतल्यास का?' ती 'नाही' म्हणाली. म्हणणारच ना, सगळ्यांसमोर दुसरं काय म्हणेल? एकदा 'नाही' म्हटलं की पोर त्या 'नाही'त अडकून बसतं, मग खरं सांगायचं तर आधीचं खोटं पण कबूल करावं लागतं, म्हणजे शिक्षा डबल. दोन दिवसांनी मी तिला गाडीवरून क्लासला सोडत होतो, मागे बसलेली, तोंड दिसत नव्हतं एकमेकांचं, तेव्हा सहज विचारलं, झोप लागत नाही का गं तुला? बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, दोन महिने झाले मामा. परीक्षा, क्लास, रात्री डोळे टक्क उघडे. 'आजी तर रोज घेते, डॉक्टरांनीच दिलीये, म्हणजे सेफच असणार ना?'

या एका वाक्यात सगळं आलं. पोरं याला नशा समजतच नाहीत. नशा म्हणजे कुठेतरी अंधाऱ्या कोपऱ्यात मिळणारी पुडी, आणि हे तर छापील पाकीट, वर कंपनीचं नाव, घरातल्याच कपाटात. तुम्ही त्याला 'ड्रग्ज वाईट असतात' असं लेक्चर दिलंत तर तो मनात म्हणेल मी कुठे ड्रग्ज घेतो. त्याला हे सांगायला हवं की गोळी सेफ असते ती ज्याच्यासाठी लिहिली त्याच्या वयाला, वजनाला, आजाराला आणि त्याच्या बाकीच्या औषधांना धरून. आजीची गोळी दारूबरोबर किंवा कोडीन, ट्रॅमाडॉल असल्या वेदनेच्या कडक औषधांबरोबर पोटात गेली तर श्वास मंद होत होत थांबू शकतो, आणि झोपलेल्या माणसाचा श्वास थांबतोय हे शेजारच्या खोलीत कळत पण नाही.

तर आता कामाचं. आज रात्री मुलाला काही विचारू नका. सगळी औषधं बाहेर काढा, सगळी म्हणजे खरंच सगळी, डबा, पर्स, प्रवासाची बॅग, गाडीचा कप्पा, सासूबाईंच्या उशाखालचं पाकीट, सगळं एका चादरीवर. प्रत्येक पाकिटामागे पेनाने आजची तारीख आणि उरलेल्या गोळ्यांचा आकडा लिहा, बाटलीवर औषधाच्या पातळीला चिकटपट्टीची बारीक चिठ्ठी लावा. फॉइलवर बोट फिरवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आठवडाभराने परत मोजा, मग तुमच्याकडे 'वाटतं' नाही, आकडा असेल. फक्त, तो गुंगीत दिसला किंवा मनाने फार खचलेला वाटला तर हा आठवडा थांबायचं नाही, त्याबद्दल खाली लिहितो.

त्या चादरीवर निम्मं सामान नको असलेलं निघेल, पैज लावतो. दाढ काढल्यावर दिलेल्या वेदनेच्या गोळ्या, कुणाच्या तरी ऑपरेशननंतरचं ट्रॅमाडॉल, एक्सपायरी उलटून गेलेली सिरप. 'लागलं तर असू दे' म्हणून ठेवलेलं हे सगळं घरात नकोच. साठा कमी करणं हा फालतू उपाय वाटतो पण नाहीये. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९८ मध्ये पॅरासिटामॉलचं पॅक छोटं केलं, साध्या दुकानात १६ गोळ्यांचं आणि फार्मसीत ३२ चं, बस एवढंच, आणि पुढच्या वर्षांत पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसने होणारे मृत्यू बरेच घटले. ज्याला पाहिजेच तो दुसऱ्या दुकानात जाऊ शकत होताच की, पण खूप माणसं तेवढं करत नाहीत, तो झटका निघून जातो. टीनएजरचं तर सगळंच झटक्यावर चालतं, मेंदूतला 'थांब जरा' म्हणणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. नको असलेली औषधं परत घेण्याची सोय कुठे असेल तर तिथे द्या, नसेल तर पाकिटातून काढून मातीत कालवून, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात. वेदनेच्या कडक गोळ्या आणि कातडीवर चिकटवायचे औषधी पॅचेस यांचं मात्र फार्मासिस्टला विचारून करा, त्यातल्या काहींचे नियम वेगळे असतात.

कुलूप? हो, पण सगळ्याला नाही. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, कोडीन ट्रॅमाडॉलसारखं काही, एडीएचडीची (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा यावरची) औषधं, ही कुलुपात, आणि किल्ली एकाच माणसाकडे. दाबून फिरवायचं झाकण असतं ना, ते लहान बाळांसाठी, १५ वर्षांच्या मुलाला ते काय अडवणार, सासूबाईंनाच ते उघडत नाही आणि तोच उघडून देतो. तापाची गोळी कुलुपात ठेवू नका, फक्त विचारून घ्यायची असा नियम ठेवा. आणि सासूबाईंना विश्वासात घ्या नाहीतर त्यांना वाटेल आपल्यावरच संशय, माझ्या आईला ते फार लागलं होतं.

आता ती खोकल्याची बाटली. तिच्या मागचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून वाचा. कोडीन असेल तर ते अफूच्याच घराण्यातलं, शरीरात त्याचं मॉर्फिन होतं आणि काहींच्या शरीरात ते फार झपाट्याने होतं, त्यामुळे 'मित्राला काही नाही झालं' याला शून्य अर्थ. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर जास्त प्रमाणात ते भास, भ्रम आणतं, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर जीवावर बेततं. ॲलर्जीची साधी गोळी तरी साधी कुठे, २०२० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, डायफेनहायड्रामिन या ॲलर्जीच्या औषधाबद्दल इशारा द्यावा लागला कारण पोरं ऑनलाईन चॅलेंजच्या नादात ते भरमसाठ घेत होती, फिट आल्या, हृदयाची लय बिघडली, काही गेली.

पण मला स्वतःला सगळ्यात भीती वाटते ती पॅरासिटामॉलची. कारण सर्दीखोकल्याच्या कित्येक औषधांत ते आधीच मिसळलेलं असतं, पोरगं सिरप समजून घेतं आणि आत यकृत जळत असतं. पहिला दिवस थोडी मळमळ, नाहीतर काहीच नाही, हसतंखेळतं दिसतं, आणि खरी पडझड एकदोन दिवसांनी कळते. यावर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो छान काम करतो, पण पहिल्या ८ तासांत दिला तर सगळ्यात छान. म्हणून 'बघू सकाळी' करायचं नाही. जास्त घेतल्याचा नुसता संशय आला तरी लगेच हॉस्पिटल, त्याला काही होत नसलं तरी.

अजून एक, गैरवापर म्हटलं की सगळे गुंगीचाच विचार करतात, पण खिडकीपाशी मला दिसतात ती पोरं वेगळ्याच गोष्टी मागतात. चेहरा उजळायला म्हणून स्टेरॉइडचं मलम, जे महिनोन्महिने चोळून कातडी पातळ होते आणि बंद केलं की तोंड लालबुंद होऊन पेटतं. वजन उतरवायला जुलाबाच्या गोळ्या. डोकं दुखतं म्हणून रोज वेदनाशामक, महिन्यात १५ दिवस किंवा जास्त असं महिनोन्महिने चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं, मग त्यासाठी अजून एक गोळी. आणि अभ्यासासाठी जागं राहायला मित्राची एडीएचडीची गोळी. यावर २०२३ मध्ये छापून आलेला एक प्रयोग मी भाचीला सांगितला होता, निरोगी लोकांना असल्या 'हुशारीच्या' गोळ्या देऊन कठीण कोडी सोडवायला दिली तर त्यांनी धडपड जास्त केली पण सोडवण्याचा दर्जा घसरला. ती म्हणे, म्हणजे गाढवमेहनत! म्हटलं, हो तेच.

ऑनलाईन किंवा मित्राच्या मित्राकडून आलेली सुटी गोळी तर वेगळीच भानगड आहे, बनावट गोळ्यांत फेंटानिल निघालंय, ते अफूसारखंच पण कितीतरी कडक, गोळी हुबेहूब खऱ्यासारखी दिसते आणि एकीनेही माणूस जातो. हे त्याला एकदा शांतपणे सांगून ठेवा, भीती घालायला नाही, माहिती म्हणून.

बोलताना 'घेतलीस का' याने सुरुवात करू नका. 'मी सगळी औषधं मोजली, यातल्या एवढ्या कमी आहेत, मला राग नाही काळजी आहे, झोपेचं काही आहे का, कुठे दुखतंय का' असं काहीतरी, आणि समोरासमोर बसून नको, भांडी आवरताना, गाडीत, चालताना. मग गप्प बसा. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही. आणि एक प्रश्न कितीही जड वाटला तरी विचारा, की जीव द्यावासा वाटतो का, म्हणून साठवल्यास का गोळ्या. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट पोर मोकळं होतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, औषधं त्याच्या हाताशी नकोत आणि त्याच दिवशी डॉक्टर.

तो झोपेच्या गोळ्या बरेच आठवडे रोज घेत असल्याचं निघालं तर रागाच्या भरात एकदम बंद करू नका, त्याने फिट येऊ शकते, डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. आणि कधी तो उठवून उठत नसेल, श्वास संथ किंवा घोरल्यासारखा अडकत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर इमर्जन्सी नंबर लावा, कुशीवर वळवा, उलटी करायला लावू नका, आणि रिकामी पाकिटं बाटल्या सगळं सोबत न्या, आम्हाला त्या पाकिटांवरूनच निम्मं कळतं.

भाचीचं पुढे काय झालं ते राहिलंच. डॉक्टरांकडे नेलं, झोपेची गोळी दिलीच नाही त्यांनी, रात्रीचा फोन दुसऱ्या खोलीत आणि उठायची वेळ पक्की, एवढ्यावर सहाएक आठवड्यांत झोप रुळावर आली. घरातली मोजणी मी तिच्याकडेच दिली, लोकांनी मला वेड्यात काढलं, चोराच्या हाती किल्ली म्हणे. किल्ली नव्हती दिली, ती माझ्याकडेच होती, दर रविवारी मी डबा उघडायचो आणि ती पाकिटामागे आकडा लिहायची. एका रविवारी मोजता मोजता थांबली आणि म्हणाली, मामा, अर्धी गोळी जास्त आहे. आजी बुधवारी विसरली.