मानेतली गाठ, बायोप्सी आणि ‘चौथी स्टेज’

प्रश्न : वडिलांच्या (वय 61) मानेत गाठी आहेत. सुईच्या तपासणीत ‘लिम्फोमाची शंका’ आली. आता डॉक्टर अख्खी गाठ काढून बायोप्सी करायची म्हणतात. पुन्हा कशाला? हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो, असं घरचे म्हणतात.

उत्तर : बायोप्सीमुळे लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) पसरत नाही. या भीतीपायी लाखमोलाचे आठवडे वाया जातात, म्हणून घरच्यांना हे ठणकावून सांगा. बारीक सुईत सुट्या पेशी येतात, गाठीची वीण दिसत नाही; आणि लिम्फोमाचा प्रकार त्या विणीवरूनच ठरतो. एका प्रकारात लगेच केमो सुरू करावी लागते, तर दुसऱ्यात कधीकधी वर्षानुवर्षं औषधाविना नुसतं लक्ष ठेवतात. गाठ पोटात खोल असेल, तर जाड सुईची कोअर बायोप्सी करतात.

बरणीकडे मात्र लक्ष द्या. गाठ फॉर्मॅलिनमध्ये पाठवतात, पण त्यात जंतू मरतात. आपल्याकडे मानेच्या गाठीत टीबीचीही शंका असतेच. म्हणून एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा जाईल ना, हे सर्जनना आधीच विचारा. बायोप्सीपूर्वी कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइडच्या गोळ्या देऊ नका. गाठ विरते आणि रिपोर्ट अर्धवट येतो. सीडी20, सीडी3, सीडी30 अशा मार्कर (पेशींवरच्या ओळखखुणा) तपासण्यांना आणखी काही दिवस लागतात, तेवढं थांबा. गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवा. परळच्या टाटा हॉस्पिटलला किंवा दुसरीकडे मत घ्यायला गेलात, तर तेच लागतील.

प्रश्न : भावाला ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’ लिम्फोमा आहे. पेट स्कॅनमध्ये चौथी स्टेज आली. आता उपचारांत अर्थ आहे का?

उत्तर : आहे, नक्की आहे. लिम्फोमाच्या पेशी मुळातच अंगभर फिरणाऱ्या. अस्थिमज्जेत किंवा यकृतात सापडल्या की स्टेज चौथी लिहितात, पण तिथूनही हा आजार पूर्ण बरा करण्याच्या हेतूनेच उपचार होतात आणि अनेक रुग्ण बरे होतात. सहसा आर-चॉपच्या (रिटुक्सिमॅब हे औषध आणि सोबत केमो) 6 सायकल, दर 21 दिवसांनी. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण रिटुक्सिमॅबमुळे दबलेला विषाणू उसळू शकतो. हृदयाची टूडी इकोही हवी. केमोतल्या लाल रंगाच्या औषधानंतर दिवसभर लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, घाबरू नका.

घाबरायचं ते तापाला. प्रत्येक सायकलनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. घरात थर्मामीटर ठेवा. 100.4 फॅरनहाइट दिसला, की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे 2 वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा, ‘केमो चालू आहे.’