माऊस बाजूला ठेवायचाय? मग सुरुवात एवढ्यावरच करा

ब्राउझरचे सगळे कीबोर्ड शॉर्टकट पाठ करायला बसू नका, तिथेच बरेच जण कंटाळून सोडून देतात. पहिल्या आठवड्यात एवढेच पुरे:

- स्पेस दाबली की पान एक पडदा खाली, शिफ्ट धरून दाबली की वर.
- कंट्रोल-एफ: लांबलचक पानात हवा तो शब्द शोधायला.
- कंट्रोल-शिफ्ट-टी: चुकून बंद केलेला टॅब परत. हा तर पहिल्याच दिवशी शिका, कारण टॅब बंद करणारं कंट्रोल-डब्ल्यू कधी ना कधी चुकीच्या वेळी दाबलं जाणारच!

मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड.

बऱ्याच साइटवर जे (J) म्हणजे यादीतलं पुढचं, के (K) म्हणजे मागचं, आणि प्रश्नचिन्ह दाबलं की तिथल्या शॉर्टकटची यादी उघडते. ती एकदा बघाच.

'चालत नाही' म्हणण्याआधी दोन गोष्टी तपासा. कर्सर लिहायच्या चौकटीत असेल तर J दाबल्यावर नुसतं अक्षर उमटतं. बाहेर रिकाम्या जागी क्लिक करा. आणि कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर अशी एका अक्षराची शॉर्टकट बहुधा हलतच नाहीत. इंग्रजीवर आणा, मग बघा. नवख्यांची निम्मी तक्रार इथेच मिटते.

एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम), स्वतःचे शॉर्टकट वगैरे सध्या राहू दे. बोटं आपोआप वळायला लागली की विचारा, नक्की सांगेन.