काटा हिरव्यात आहे, मग सिलिंडर परत का द्यायचा?

मागच्या अंकात आपत्कालीन वस्तूंच्या रिकॉलबद्दल, म्हणजे विकून झालेला माल कंपनी परत मागवते त्याबद्दल, दोनच ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर भरपूर पत्रं आली. बरेच प्रश्न सारखेच होते, म्हणून चार निवडलेत.

प्रश्न: घरात फायर एक्स्टिंग्विशर, म्हणजे आग विझवायचा सिलिंडर आहे, वापरायची वेळ कधी आली नाही. आता कळलं की त्याचं मॉडेल रिकॉलच्या यादीत आहे. पण त्याच्यावरचा दाबाचा काटा मस्त हिरव्या पट्ट्यात आहे, पिन जागेवर आहे, गंज वगैरे काही नाही. चांगली चालणारी वस्तू कशाला बदलायची?

"चालणारी" हे तुम्ही कशावरून ठरवलंत? चालवून तर कधी पाहिलेलंच नाही! फोन बिघडला की दहा मिनिटांत कळतं, पण हा सिलिंडर वर्षानुवर्षं भिंतीला टांगलेला असतो आणि त्याची परीक्षा होते ती थेट आग लागल्यावरच. त्यामुळे इथे रिकॉलची नोटीस हीच काय ती आगाऊ सूचना, वस्तू स्वतःहून तुम्हाला काहीच सांगत नाही.

आणि काट्याचं म्हणाल तर तो फक्त आत दाब शिल्लक आहे एवढंच दाखवतो, हँडल दाबल्यावर तो दाब पावडर घेऊन बाहेर येईल का नाही याच्याशी काट्याला काही देणंघेणं नसतं. नोव्हेंबर 2017 मध्ये अमेरिकेत किड्डे कंपनीने प्लास्टिक हँडलचे आणि पुश-बटणवाले असे मिळून जवळपास 3 कोटी 78 लाख एक्स्टिंग्विशर परत मागवले, त्यात पार 1973 साली बनलेलेसुद्धा होते. दोष काय तर आत तुंबायचं, किंवा दाबायला एवढा जोर लागायचा की फवारा निघायचाच नाही, आणि काहींचं नोझल तर जोरात सुटून समोरच्याला लागेल असं उडायचं. सुमारे 391 तक्रारी आल्या होत्या, आणि त्यातली एक 2014 ची, अपघातानंतर गाडीने पेट घेतला, मदतीला धावलेल्यांच्या हातात हेच सिलिंडर होते, ते चालले नाहीत आणि एक जीव गेला. बाहेरून बघून यातलं काय कळणार होतं सांगा.

बऱ्याच जणांनी विचारलंय की "थोडंसं दाबून बघू का?" अजिबात नको. पावडरवाला सिलिंडर एकदा जरासा जरी दाबला तरी पावडरचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात, तो नीट बंद होत नाही आणि मग दाब हळूहळू निघून जातो. म्हणजे चांगला असेल तर तोही तुम्ही वाया घालवलात.

प्रश्न: आमचा स्मोक अलार्म रिकॉल झालाय. बदली अलार्म यायला काही आठवडे लागतील म्हणे. छतावरून काढून ड्रॉवरमध्ये टाकलाय. बरोबर केलं ना?

नाही, पुन्हा लावा, आजच. अर्थात आधी नोटीस नीट वाचा, कारण सगळा खेळ याच्यावरच आहे की वस्तू *चालणार नाही* अशी भीती आहे का ती *स्वतःच इजा करेल* अशी आहे, आणि लोक या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजतात.

पहिला प्रकार असेल तर बदली हातात येईपर्यंत जुनी वस्तू सहसा जवळच ठेवायची असते. 2017 मध्ये एपिपेनच्या, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीत टोचायच्या इंजेक्शनच्या, काही बॅचेस ऐनवेळी न चालण्याच्या शक्यतेमुळे परत मागवल्या, तेव्हा रुग्णांना स्पष्ट सांगितलं होतं की नवीन पेन मिळेपर्यंत आहे तेच जवळ बाळगा. एखादा पेन चालणार नाही म्हणून सगळ्यांनीच रिकाम्या हाताने फिरणं हा शहाणपणा नव्हे. अलार्मचंही तेच, आणि तोवर जोडीला दुसरा एखादा चांगला अलार्म लावता आला तर उत्तमच.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण म्हणजे टाकाटा या जपानी कंपनीच्या गाड्यांमधल्या एअरबॅग. त्यातल्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट हे रसायन होतं, ते वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचं कवचच फुटून तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. एकट्या अमेरिकेत 6 कोटी 70 लाखांच्या आसपास इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि काही जुन्या गाड्यांच्या बाबतीत तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवूच नका असं बजावलं गेलं. तिथे "नवीन येईपर्यंत चालवून घेऊ" चालत नाही.

तुमच्या अलार्मबद्दल अजून एक. टेस्टचं बटण दाबलं आणि तो कर्कश्श वाजला म्हणून निर्धास्त होऊ नका, बऱ्याच अलार्ममध्ये त्या बटणाने बॅटरी, सर्किट आणि भोंगा तपासला जातो, धूर आत पोचतोय का हे कळेलच असं नाही. 2018 मध्ये किड्डेचेच साडेचार लाखांवर अलार्म परत मागवले गेले, कारण ऐकाल तर हसाल, कारखान्यात बनवताना लावलेलं पिवळं टोपण काढायचंच राहून गेलं होतं! दोन सेन्सरपैकी एक त्या टोपणाखाली झाकलेला. बाजूच्या फटीतून बघितलं तर पिवळं दिसायचं. लगेच वाटतं ना, स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि काढून टाकावं? नेमकं तेच करू नका असं नोटिशीत लिहिलं होतं, अलार्म उघडायचा नाही, टोपणाला हात लावायचा नाही, बदलून घ्यायचा.

प्रश्न: बिल नाही, खोका नाही, वॉरंटी कधीच संपली. कंपनी दारात तरी उभी करेल का?

वॉरंटीचा आणि रिकॉलचा संबंध नाही. वर सांगितलं तसं 1973 च्या सिलिंडरलाही फुकट बदली मिळत होती, एवढ्या जुन्या वस्तूचं बिल कोण सांभाळतं? लागतो तो वस्तूवरचा मॉडेल नंबर आणि बनल्याची तारीख किंवा बॅच. सिलिंडरवर लेबलावर नाहीतर तळाला बघा, अलार्म असेल तर खाली उतरवून पाठीमागे. नंबर अर्धवट जुळला तर सोडून देऊ नका, बऱ्याचदा एकाच मॉडेलच्या ठरावीक तारखांचाच माल सदोष असतो त्यामुळे तारीख बघावीच लागते. ओईसीडी या अनेक देशांच्या संघटनेचं जागतिक रिकॉल पोर्टल आहे, युरोपचं सेफ्टी गेट आहे, तिथे वस्तूचं नाव टाकून शोधता येतं. कंपनीला फोन करायचा तर नंबर अधिकृत साइटवरचाच घ्या, मेसेजमध्ये आलेल्या लिंकवर कार्डाचे तपशील मागितले की समजा काहीतरी काळंबेरं आहे.

कंपन्यांच्या भरवशावर मात्र राहू नका. अमेरिकेत धोकादायक दोषाची माहिती मिळाली की 24 तासांत सरकारला कळवायचा कायदा आहे, तरी वेळेवर न कळवल्याबद्दल किड्डेला 2021 मध्ये 1 कोटी 20 लाख डॉलर दंड मान्य करावा लागला. आणि तुम्ही खरेदी करताना नाव नोंदवलं नसेल तर कळवायचं कोणाला हेही कंपनीला माहीत नसतं.

प्रश्न: रिकॉल झालेली जुनी वस्तू कोणाला देऊन टाकली तर? घरात काहीच नसण्यापेक्षा बरी ना.

नको. तुम्हाला निदान माहीत आहे की ती दगा देऊ शकते, घेणाऱ्याला तेही माहीत नसणार. अमेरिकेत तर 2008 पासून रिकॉल झालेली वस्तू विकणं बेकायदेशीर आहे. कंपनी परत घेत असेल तर परत पाठवा, नसेल तर नोटिशीत सांगितलंय तशी विल्हेवाट लावा. फक्त दाब असलेला सिलिंडर कचऱ्यात फेकू नका, कचऱ्याच्या गाडीत तो दाबला गेला तर फुटू शकतो.