अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) पुणे जिल्ह्याएवढी मोठी, मग तिथं जेमतेम साडेपाच हजारच माणसं कशी?

तुम्ही विचारलंय की एवढी मोठी काउंटी रिकामी का, जमीन नापीक आहे का, आणि ती पहिल्यापासून अशीच होती का. मी मूळचा इंदापूर तालुक्यातला, बरीच वर्षं नेब्रास्कात ओमाहाला राहतो आणि जमेल तेव्हा तिकडं जातो. मला तो भाग मनापासून आवडतो, त्यामुळं उत्तर लांबणार.

आधी आकडे. चेरी काउंटीचं क्षेत्रफळ साधारण १५,५६० चौरस किलोमीटर, पुणे जिल्ह्याचं १५,६४३. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात ९४ लाख २९ हजार लोक होते. चेरी काउंटीत २०२० च्या जनगणनेत ५,४५५. त्यातले २,६३३ एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये, जे काउंटीचं मुख्यालय. म्हणजे ते गाव सोडलं तर उरलेल्या सगळ्या मुलखात तीन हजारही माणसं नाहीत. काउंटी एवढी लांब की पूर्व भागातलं घड्याळ पश्चिम भागापेक्षा एक तास पुढं असतं.

आता नापीक का, तर नाही. आणि पाऊसही तसा नाही म्हणावा असं नाही, वर्षाला ५०० मिमीच्या आसपास पडतो, म्हणजे आमच्या इंदापूर-दौंड पट्ट्यात पडतो साधारण तेवढाच. आमच्याकडं तेवढ्या पावसावर ज्वारी निघते कारण खाली काळी जमीन आहे, ती पाणी धरून ठेवते, आणि वरून सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी कालव्यानं येतं म्हणून ऊसही उभा राहिला. चेरी काउंटीत खाली आहे वाळू. नुसती वाळू. या प्रदेशाला सँडहिल्स म्हणतात, जवळजवळ ५०,००० चौरस किलोमीटर, नेब्रास्का राज्याचा साधारण चौथा हिस्सा, आणि चेरी काउंटीचा बहुतेक भाग त्यातच येतो. काही टेकड्या १०० मीटरहून उंच आहेत आणि मैलोन्‌मैल लांब. वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्या, फक्त त्यांच्यावर गवत उगवलंय म्हणून त्या जागेवर थांबल्यात. हजार-आठशे वर्षांपूर्वी मोठे दुष्काळ पडले तेव्हा गवत मेलं आणि या टेकड्या पुन्हा हलायला लागल्या होत्या असं भूगर्भवाल्यांनी दाखवलंय.

हे एकदा जवळून बघितलं की सगळं लक्षात येतं. एखाद्या उतारावर गाई सारख्या त्याच वाटेनं गेल्या की गवत तुटतं, वाळू उघडी पडते आणि मग वारा तिथं शिरतो. आधी ताटाएवढा खड्डा, मग खोलीएवढा, मग अख्खी टेकडी एका बाजूनं पोखरलेली. त्याला तिथं ब्लोआउट म्हणतात. रांचवाले, म्हणजे मोठ्या कुरणांवर गाई पाळणारे, त्यात वाळलेलं गवत टाकतात, जुने टायर टाकतात, कुंपण घालून गाई लांब ठेवतात आणि पुन्हा गवत धरायची वाट बघत बसतात. गंमत म्हणजे या उघड्या वाळूतच येणारं एक फुलझाड आहे, ब्लोआउट पेन्स्टेमन, ते नामशेष झालं असं लोक धरून चालले होते आणि १९६८ मध्ये पुन्हा सापडलं. वाळू थांबवायचं काम चांगलं झालं म्हणून ते बिचारं संकटात आलं!

आणि पाणी. वाळू पाणी वर ठेवत नाही, पण वायाही घालवत नाही. पडलेला पाऊस सरळ खाली उतरतो आणि खाली आहे ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा, जो या टेकड्यांखाली सगळ्यात जाड आहे, काही ठिकाणी ३०० मीटरपर्यंत. टेकड्यांच्या मधल्या सखल भागात हे पाणी आपोआप वर दिसतं, त्यामुळं या वाळूच्या मुलखात शेकडो तळी आहेत. नायोब्रारा, स्नेक, नॉर्थ लूप या नद्या झऱ्यांवर चालतात म्हणून उन्हाळ्यातही आटत नाहीत. आमच्याकडं मार्च-एप्रिलला टँकर बघत मोठा झालेला माणूस मी, वाळूत नुसती पवनचक्की उभी केली की जनावरांची टाकी भरून वाहते हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

मग एवढं पाणी आहे तर शेती का नाही? केली ना! १९७० च्या दशकात बाहेरच्या पैसेवाल्यांनी गोल फिरणारी सिंचनयंत्रं लावून मका घ्यायचा प्रयत्न केला. गवत नांगरलं की वाळू उडायला लागली, बरीचशी जमीन नंतर परत गवताखाली गेली. माझं सरळ मत सांगतो, चेरी काउंटी रिकामी नाहीये. ती जेवढी माणसं पेलते तेवढीच तिथं आहेत, आणि जास्त माणसं बसवायचा प्रयत्न तिथं एकदा चांगला मोठा झालेला आहे. तो इतिहास कळल्याशिवाय आजच्या आकड्याला अर्थ नाही.

मुळात हा पॉनी आणि नंतर लाकोटा या मूळनिवासी लोकांचा मुलूख, बायसनच्या (तिथल्या रानगव्यांच्या) शिकारीचा. लाकोटांना उत्तरेला रोझबड आणि पाइन रिज या राखीव क्षेत्रांत कोंडलं आणि त्यांच्यावर नजर ठेवायला १८८० च्या सुमाराला सैन्यानं फोर्ट नायोब्रारा बांधला. मग रेल्वे आली, १८८३ मध्ये काउंटी झाली. नाव दिलं सॅम्युअल चेरी या त्या किल्ल्यावरच्या लेफ्टनंटचं, जो १८८१ मध्ये मारला गेला होता. आजही चेरी काउंटीच्या उत्तर सीमेला लागून असलेली साउथ डकोटातली टॉड काउंटी, जी रोझबडमध्येच येते, आकारानं हिच्या पाव भागाएवढीही नाही पण तिथं नऊ हजारांवर माणसं आहेत. एका बाजूला मोकळं गवत, दुसऱ्या बाजूला गर्दी आणि गरिबी. ही सीमा निसर्गानं आखलेली नाही. चेरी काउंटीचं कौतुक करताना ही गोष्ट गाळली तर ते कौतुक अर्धवट राहतं.

गोऱ्या पशुपालकांना सुरुवातीला या टेकड्यांची भीती वाटायची. आत गेलेलं जनावर मेलं असंच धरायचे. १८७९ च्या वसंतात मोठं वादळ झालं आणि नायोब्राराकाठच्या न्यूमन रांचच्या गाई दक्षिणेला टेकड्यांत पांगल्या. शोधायला गेलेल्या काउबॉयना त्या तर सापडल्याच, वर आदल्या वर्षांतल्या हरवलेल्या आणि कुणाच्याच मालकीचा डाग (तापल्या लोखंडानं उमटवलेली खूण) नसलेल्या गाईही सापडल्या, सगळ्या धष्टपुष्ट! टेकड्यांमुळं वारा अडतो, पाणी आहे, गवत आहे. झालं, मोठमोठे रांचवाले आत घुसले आणि सरकारी जमिनीला बिनधास्त कुंपणं घातली. स्पेड रांचचा बार्टलेट रिचर्ड्स तर त्यापायी शिक्षा भोगता भोगता १९११ मध्ये वारला.

मग आला १९०४ चा किंकेड कायदा. आधीच्या होमस्टेड कायद्यात वस्ती करणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन फुकट मिळायची, तेवढ्यात इथं काहीच भागत नाही म्हणून मोझेस किंकेड या खासदारानं पश्चिम नेब्रास्कातल्या ३७ काउंट्यांसाठी ६४० एकर करून घेतली. आपल्या महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा साडेतीन एकराच्या आतबाहेर, त्यामुळं ६४० एकर फुकट म्हटल्यावर आपले डोळे पांढरे होतील. पण हिशेब करा, इथं एका गाईला वासरासकट वर्षभर जगवायला साधारण १५-२० एकर लागतात. म्हणजे ६४० एकरात ३०-४० गाई, बस्स. त्यावर संसार चालत नाही. तरी लोक आले, हजारोंनी आले. झाडं नाहीत म्हणून मुळांसकट गवताची ढेपळं कापून त्यांची घरं बांधली, सरपण नाही म्हणून वाळलेलं शेण गोळा करून जाळलं.

यातच डेविटी नावाची वस्ती होती, तिच्याबद्दल तिथंसुद्धा फार लोकांना माहीत नसतं. १९०७ मध्ये ब्राउनलीजवळ नॉर्थ लूप नदीकाठी कृष्णवर्णीय कुटुंबांनी ती वसवली, त्यातल्या काही घरांचे पूर्वज गुलामगिरीतून पळून कॅनडात गेलेले. त्यांनी शाळा काढली, चर्च काढलं, मुलांना शिकवलं. पण ६४० एकराचं गणित त्यांनाही सुटलं नाही आणि १९३० च्या दशकापर्यंत वस्ती उठली. २०१६ मध्ये तिथं माहितीचा फलक लागला. रस्त्याच्या कडेला फक्त तो फलक आणि गवत, बाकी काही नाही, पण मी तिकडं गेलो की थांबतोच.

१९०० मध्ये काउंटीची लोकसंख्या साडेसहा हजार होती, १९२० ला ती पावणेबारा हजारांवर गेली. तोच कळस. पहिल्या महायुद्धानंतर भाव पडले, मग १९३० च्या दशकातला दुष्काळ, लोकांनी शेजाऱ्याला जमीन विकली आणि गेले. त्यानंतर घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, गवत कापायला दहा माणसं लागायची तिथं दोन पुरली. प्रत्येक जनगणनेत आकडा खालीच आलाय, आज तो १९०० पेक्षाही कमी आहे.

गाई मात्र दीड लाखाच्या वर! मांसासाठीच्या गाईंच्या संख्येत ही काउंटी अख्ख्या अमेरिकेत पहिली. वसंतात वासरांना डाग द्यायचा दिवस असतो तेव्हा आजूबाजूच्या रांचवरचे सगळे घोडे घेऊन येतात, कुणी मजुरी घेत नाही, दुपारी यजमानांकडं पोटभर जेवण आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या घरी तेच. आपल्याकडची इर्जिक अगदी. शेजारी दहा-पंधरा किलोमीटरवर असला तरी तो शेजारीच असतो, आणि असं शेजारपण मी ओमाहात अनुभवलेलं नाही.

पण अडचणी खऱ्या आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. डॉक्टर, शाळा, किराणा, सगळं लांब. कोडी नावाचं दीड-पावणेदोनशे वस्तीचं गाव आहे, तिथलं किराणा दुकान बंद पडलं होतं, तर तिथल्या शाळेच्या मुलांनी आणि गावानं मिळून गवताच्या गाठींच्या भिंतींचं दुकान उभं केलं आणि २०१३ पासून मुलंच ते चालवतात. शाळेत हिशेब शिकायचा तो तिथल्या गल्ल्यावर. मला या काउंटीतली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

लोकसंख्या पुन्हा वाढेल का हा तुमचा शेवटचा प्रश्न. मला नाही वाटत. जमिनीचे भाव एवढे चढलेत की तरुण जोडप्याला नवीन रांच विकत घेणं शक्यच नाही, वारसानं मिळाली तरच. टेड टर्नरसारख्या बाहेरच्या धनाढ्यांनी तिथं मोठमोठ्या रांच घेतल्यात, बायसन पाळायला, त्याबद्दल स्थानिकांत नाराजी पण आहे. नायोब्रारा नदीवर नावा चालवायला आणि स्मिथ फॉल्स हा धबधबा बघायला उन्हाळ्यात पर्यटक येतात, त्यानं व्हॅलेंटाइनची हॉटेलं चालतात, पण हिवाळ्यात तापमान उणे २० च्या खाली गेलं की तिथं तेच राहतात ज्यांच्या गाई आहेत. शाळा आणि दवाखाना टिकला तर आकडा पाच हजारांच्या आसपास थांबेल असं मला वाटतं, आणि त्या जमिनीला तेवढी माणसं पुरेशी आहेत.

जायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबरला जा. ओमाहाहून पाच तास लागतात, व्हॅलेंटाइनला पेट्रोल पूर्ण भरून घ्या, आतले काही डांबरी रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत, समोरून गाडी आली की दोघांनी एकेक चाक गवतात उतरवायचं. पूर्ण गाडी उतरवू नका, वाळूत रुतते.