मशीन वाढवली तरी ग्राफचा जॉब तेवढाच हळू

प्रश्न: रस्त्यांच्या नकाशाचा मोठा ग्राफ आहे (चौक म्हणजे नोड, रस्ते म्हणजे एजेस), त्यातले कनेक्टेड कंपोनंट, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या नोडचे गट, काढायचेत. प्रेगेल पद्धतीची (ग्राफ अनेक मशीनवर वाटून फेऱ्याफेऱ्यांनी काम करणारी) सिस्टीम वापरतोय. मशीन ४ ची १६ केली तरी वेळ जवळपास तेवढाच, आणि सीपीयू बराच वेळ नुसते बसून. सगळं असिंक्रोनस (कोणी कोणासाठी न थांबणारं) करून टाकू का?

उत्तर: एवढ्यात नको. प्रेगेल (गूगलचा २०१० चा पेपर) चालतं संगणकशास्त्रज्ञ व्हॅलियंटच्या १९९० च्या बीएसपी (बल्क सिंक्रोनस पॅरलल) मॉडेलवर, म्हणजे प्रत्येक सुपरस्टेपनंतर (फेरीनंतर) बॅरिअर, सगळ्यात हळू मशीनचं काम होईपर्यंत बाकीच्यांनी हातावर हात धरून बसायचं. म्हणून आधी लॉगमधून दर सुपरस्टेपला कुठलं मशीन किती वेळ घेतं ते काढा. दरवेळी एकच मागे पडत असेल तर वाटणी चुकली. सोशल नेटवर्कमध्ये हे हमखास होतं, एकेका नोडला लाखो एजेस, तिथे पॉवरग्राफ या सिस्टीमने २०१२ मध्ये केलं तसं त्या नोडच्या एजेसच वेगवेगळ्या मशीनवर वाटाव्या लागतात.

पण चौकाला रस्ते असून असून किती, चार-पाच! तुमचं दुखणं मला डायमीटरचं (सगळ्यात दूरच्या दोन नोडमधल्या अंतराचं) वाटतं. समजा १ ते १००० नोडची सरळ साखळी आहे आणि प्रत्येक नोड दर सुपरस्टेपला शेजाऱ्याकडून सगळ्यात लहान आयडी घेतो (शेवटी ज्यांचा आकडा सारखा ते एका कंपोनंटचे), तर १ हा आकडा शेवटच्या नोडला पोचायला ९९९ सुपरस्टेप, तितकेच बॅरिअर, मशीन कितीही लावा. आता हीच साखळी अडीचशे-अडीचशेच्या सलग तुकड्यांत ४ मशीनवर ठेवा, आणि प्रत्येक मशीनला सांगा की आपल्या तुकड्यात आकडे बदलायचे थांबेपर्यंत आतल्या आत फिरत राहा, मगच हद्दीवरचे मेसेज पाठव. चार-पाच फेऱ्यांत काम खलास. ब्लोगेल ही सिस्टीम (२०१४) साधारण हेच करतं. फक्त डिफॉल्ट हॅश पार्टिशनिंग (आयडीवरून नोड मशीनवर वाटणं) काढा, ते शेजारी नोड कुठल्या कुठे फेकतं, त्याऐवजी मेटिससारखं ग्राफचे तुकडे पाडणारं काहीतरी वापरा नाहीतर सरळ अक्षांश-रेखांशावरून तुकडे पाडा, रस्त्यांना तेही बऱ्यापैकी चालतं.

असिंक्रोनस तुमच्या केसमध्ये चुकणार नाही, लेबल (नोडचा आकडा) फक्त कमीच होत जातं त्यामुळे मेसेज मागेपुढे आले तरी उत्तर तेच येतं. पण जुन्या आकड्यांवर फुकट काम होतं, आणि जॉब खरंच संपला की एखादा मेसेज अजून वाटेत आहे हे ओळखणं भलतंच किचकट, डीबगिंगला तर डोकं धरून बसाल, त्यामुळे मी ते शेवटी ठेवेन.

कंबायनर नसेल तर लावाच, एका मशीनवरून एका नोडला जाणाऱ्या दहा मेसेजेसमधला सगळ्यात लहान तेवढा जाईल. नेटवर्कवरचा भार हलका होईल, बॅरिअर मात्र तेवढेच राहतील.