वऱ्हाडचा कापूस आणि गिनीचा किनारा

गेल्या अंकात अटलांटिक महासागरावर चारशे वर्षं चाललेल्या माणसांच्या व्यापाराबद्दल मी थोडं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच देते आहे. मी हिंगणघाट तालुक्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयातभर इतिहास शिकवला. पुस्तकात या विषयाला जेमतेम अर्धं पान मिळायचं, ही खंत मला नेहमी वाटत आली.

प्रश्न : बाई, माह्या नातवाच्या पुस्तकात लिवलं हाय का कोलंबसानं अमेरिका शोधली. मंग तिथं अगुदर माणसं नोहोती काय? अन् होती, तं कामाले आफ्रिकेतून लोकायले बांधून न्यायची गरज काऊन पडली?
(एक शेतकरी, समुद्रपूर तालुका)

होती भाऊ, भरपूर होती. १२ ऑक्टोबर १४९२ ला कोलंबस बहामा बेटांपैकी एका बेटावर उतरला. तिथं तायनो लोक राहत होते. मका, रताळी, कसावा पिकवणारे, कापूस कातून झोळ्या विणणारे, मोठमोठ्या होड्या वल्हवणारे. त्यांनी पाहुण्यांना पोपट आणि सुताचे गुंडे आणून दिले. हे कोलंबसानं स्वतःच्या रोजनिशीत लिहिलं आहे, आणि हे लोक चांगले नोकर होतील असंही तिथंच लिहिलं आहे. १४९५ साली त्यानं साडेपाचशेच्या आसपास तायनो बायामाणसं जहाजांत कोंबून स्पेनला विकायला पाठवली. त्यांतली दोनशे वाटेतच मेली. तेव्हा अटलांटिकपार माणसं नेऊन विकायची सुरुवात खुद्द कोलंबसाच्या हातून झाली, आणि तीही तिथल्याच माणसांपासून.

नातवाला एवढं जरूर सांगा की जिथं लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते ती जमीन हरवलेली नव्हती.

पुढं स्पेनच्या लोकांनी तायनोंना सोन्याच्या खाणींत आणि शेतांवर जुंपलं. उपासमार, मारझोड आणि १५१८ पासून देवीची साथ. या रोगाशी त्यांच्या शरीराची कधी ओळखच नव्हती. पन्नास-साठ वर्षांत बेटंच्या बेटं ओस पडली. हे पाहून कोणी बोललं नाही असं नाही. १५११ साली कॅरिबियनमधल्या सांतो डोमिंगोच्या चर्चमध्ये अंतोनियो दे मोंतेसिनोस नावाच्या पाद्रीनं जमीनदारांना तोंडावर विचारलं, ही माणसं नाहीत का? बार्तोलोमे दे लास कासास हा दुसरा पाद्री तायनोंच्या बाजूनं पुढं जन्मभर झगडला. पण यांना सोडवायचं तर आफ्रिकेतून गुलाम आणा, असा सल्ला सुरुवातीला त्यानंच दिला होता. तो अन्याय होता हे त्यानं पुढं स्वतः लिहून ठेवलं.

आता आफ्रिकाच का, ते सांगते. ऊस. तो मूळचा आग्नेय आशियापलीकडच्या न्यू गिनी बेटाकडचा, पण साखर करायची विद्या आपल्या बाजूची. इराण, अरबस्तान, भूमध्य समुद्र असं करत तो अटलांटिकमधल्या बेटांवर पोचला आणि १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसानं तो कॅरिबियन बेटांवर नेला. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं आहे त्यांना कळेल की ऊस तोडला की थांबता येत नाही, रस नासतो. तिथं तर हंगामात चरक रात्रंदिवस चालायचे. झोपेत हात चरकात गेला तर तोडून टाकायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे. असं काम कोणी राजीखुशीनं करत नाही. पोर्तुगीज लोक तोवर आफ्रिकेच्या किनाऱ्याला सरावले होते. १४४४ साली पोर्तुगालच्या लागोश बंदरात पकडून आणलेल्या २३५ माणसांची वाटणी झाली होती, १४८२ मध्ये आजच्या घानातला एल्मिनाचा किल्ला बांधून झाला होता, आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर गुलामांकडून ऊस पिकवला जात होता. १५१८ साली स्पेनच्या राजानं आफ्रिकेतून थेट माणसं नेण्याचा परवाना दिला, आणि मग ते थांबलंच नाही.

प्रश्न : मोबाइलवर एक मेसेज फिरतो आहे की आफ्रिकेतल्या राजांनीच आपली माणसं विकली, मग युरोपला दोष कशाला? हे खरं आहे का?
(स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण, अमरावती जिल्हा)

अर्धं खरं आहे, आणि त्यातला ‘आपली’ हा शब्द साफ चुकीचा. दाहोमे, असांते, ओयो ही पश्चिम आफ्रिकेतली वेगवेगळी राज्यं होती, त्यांच्यात लढाया व्हायच्या, आणि लढाईत धरलेली माणसं किनाऱ्यावर विकली जायची. १७४२ पासून दहाएक वर्षं नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करत होत्या. आज आपण आणि बंगाली एका देशाचे. पण तेव्हा ज्याचं घर जळलं त्या बंगाली शेतकऱ्याला नागपूरचे घोडेस्वार आपले वाटले असतील का? आफ्रिकेतही कोणी ‘आफ्रिकन’ म्हणून जगत नव्हतं.

कित्येकांना तर लढाईशिवायच पळवून नेलं. काँगोचा राजा अफोन्सो ख्रिस्ती झाला होता, पोर्तुगालशी त्याची मैत्री होती. १५२६ साली त्यानं पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं की तुमचे व्यापारी रोज आमची माणसं नेतात, सरदारांची मुलं आणि माझे नातेवाईकसुद्धा नेतात, देश ओसाड पडतो आहे. आम्हाला पाद्री आणि शिक्षक पाठवा, आणखी काही नको. व्यापार चालूच राहिला. राजानं विरोध केला तरी व्यापाऱ्याला दुसरा विकणारा मिळत होता, आणि ज्या राज्याकडे युरोपच्या बंदुका नव्हत्या ते स्वतःच पकडलं जाण्याची भीती होती.

माल मागणारा कोण, भांडवल कोणाचं, जहाज कोणाचं, विमा कोणाचा, हे त्या मेसेजमध्ये येत नाही. १७८१ साली ‘झाँग’ या लिव्हरपूलच्या मालकांच्या जहाजावरून १३० हून जास्त जिवंत माणसं समुद्रात फेकली. मालकांनी त्यांची विमा-भरपाई मागितली. खटला उभा राहिला तो खुनाचा नव्हता, विम्याच्या पैशांचा होता. आणि गुलाम आईचं मूल जन्मतःच मालकाच्या मालकीचं, हा कायदा अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १६६२ साली इंग्रज वसाहतवाल्यांनी केला. पकडलेल्या माणसाला गुलाम करणं जगात जुनं होतं, आपल्या दख्खनमध्येही होतं. पण हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर इथं निजामशाहीचा कारभारी झाला. जमैकाच्या उसाच्या मळ्यात विकल्या गेलेल्याला ती वाट नव्हती. तिथं कातडीचा रंग हीच बेडी होती.

अभ्यासकांनी जहाजांच्या नोंदी जुळवून काढलेला अंदाज असा : सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली, १ कोटी ७ लाखांच्या आसपास जिवंत उतरली. परीक्षेसाठी लक्षात ठेव की त्यांतली सगळ्यांत जास्त, जवळपास ४८ लाख, ब्राझीलला गेली. आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत थेट आणलेली चार लाखांहूनही कमी.

प्रश्न : बाई, हा सगळा युरोप, आफ्रिका, अमेरिकेचा मामला. आपला त्यात काय संबंध?
(बी.ए.ची एक विद्यार्थिनी, दिग्रस)

तू दिग्रसची, म्हणजे तुझ्याभोवती बंजारा तांडे आहेत. तिथूनच सांगते.

गिनीच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या घाना, बेनिन, नायजेरियाच्या बाजूला, माणूस विकत घ्यायचा तर नुसत्या बंदुका आणि दारू चालत नव्हती. सगळ्यांत जास्त मागणी कापडाला होती, आणि त्यातही हिंदुस्थानी सुती कापडाला. तिथले गिऱ्हाईक फार चोखंदळ. या बंदरात निळं, त्या बंदरात पट्ट्यांचं, पलीकडे चौकड्यांचं. रंग धुण्यात उतरला तर परत. इंग्लंडमधल्या कारागिरांनी नक्कल करून पाहिली, पण बराच काळ ती पसंत पडली नाही. फ्रेंच व्यापारी पाँडिचेरीकडचं निळीत रंगवलेलं कापड सेनेगलला न्यायचे. त्या कापडाला नावच ‘गिनी’ पडलं होतं.

एक कायदा इथं समजून घे. स्वतःच्या विणकरांना वाचवायला इंग्लंडनं १७०० आणि १७२१ साली कायदे करून हिंदुस्थानी छापील सुती कापड देशात विकण्या-वापरण्यावर बंदी घातली. पण परत बाहेर पाठवायला मोकळीक ठेवली. मग ईस्ट इंडिया कंपनीचं कापड लंडनच्या लिलावात आफ्रिकेला जाणारे व्यापारी उचलायचे. आपलं कापड इंग्रजांच्या अंगावर नको होतं, पण माणूस विकत घ्यायला चालत होतं.

हे कापड विणलं जायचं गुजरातेत आणि आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर. आंध्रकडच्या विणकरांना पुरेसा कापूस जवळ मिळत नव्हता. तो जायचा वऱ्हाड-नागपूरकडून, लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. हजारो बैलांचे तांडे इथून कापूस घेऊन उतरायचे आणि तिकडून मीठ भरून यायचे. मी पोरांना नकाशावर बोटानं ही वाट काढायला लावायची : काळी माती, बैल, मच्छलीपट्टणचा माग, कंपनीची वखार, लंडन, गिनीचा किनारा. कापूस वेचणाऱ्या बाईला, तांड्याच्या नायकाला, विणकराला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या माथी मी दोष मारणार नाही. ती वाट मात्र इथून जात होती, हे तुला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

कवड्यांचंही तसंच. गोंधळ्याच्या गळ्यात असतात, अष्टचंगाच्या पटावर पडतात, त्याच कवड्या. त्या मालदीवच्या समुद्रातल्या. डच आणि इंग्रज जहाजं त्या तळाशी वजन म्हणून भरून ॲमस्टरडॅम-लंडनला न्यायची आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत, कारण तिथं कवडी हे चलन होतं. अठराव्या शतकात अशा अब्जावधी कवड्या गेल्या. आजच्या बेनिनमधल्या विदा बंदरात माणसाची किंमत हजारो कवड्यांत मोजली जायची.

प्रश्न : तूर आपली का बाहेरची? आणि मिरची?
(बचत गटातील एक ताई, भिवापूर)

तूर अस्सल आपली. ती इथून आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियन बेटांवर. पोर्तो रिकोत आजही सणाला तुरीच्या दाण्यांचा भात होतो. ज्वारी मात्र मूळची आफ्रिकेची, पण ती हजारो वर्षांपूर्वी आली. आणि ताई, तुमच्या भिवापूरची मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आली.

प्रश्न : अमेरिकेतल्या लढाईमुळे हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, असं घरी ऐकलं आहे. खरं का?
(जिनिंगमधील एक कामगार)

खरं आहे. १७९३ साली एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र केलं. त्यामुळे काम हलकं होईल असं वाटावं, झालं उलटं. सरकी झटपट निघू लागली तशी लागवड वाढली, आणि वेचायला माणसंच लागत होती. १७९० साली अमेरिकेत सात लाखांच्या आसपास गुलाम होते, १८६० मध्ये सुमारे चाळीस लाख. बाहेरून आणायला १८०८ पासून बंदी होती, म्हणून जुन्या राज्यांतून कापसाच्या नव्या पट्ट्यात माणसं विकली गेली. दहा लाखांच्या आसपास माणसं अशी हलवली. माय एका मालकाकडे, लेकरू दुसऱ्याकडे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस याच मळ्यांतून यायचा.

१८६१ साली तिथं उत्तर आणि दक्षिणेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि इंग्रजांची नजर इकडे वळली. वऱ्हाड त्यांनी १८५३ मध्येच निजामाकडून आपल्या ताब्यात घेतलं होतं. हिंगणघाट, अमरावती, खामगावचे भाव चढले. १८६५ मध्ये लढाई संपली तसे कोसळले. पण तोवर इंग्रजांनी हा मुलूख कापसाचा मुलूख ठरवून टाकला होता. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा झाला. लिव्हरपूलचा भाव तेव्हापासून आपल्या बाजारावर बसला.

प्रश्न : बाई, ते लोक सुटले तेव्हा त्यांना वावर मिळालं का?
(एक शेतमजूर बाई, पांढरकवडा तालुका)

बाई, सगळ्या पत्रांत तुमचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला.

नाही मिळालं. इंग्रजांच्या बहुतेक वसाहतींत १८३३ च्या कायद्यानं १ ऑगस्ट १८३४ पासून गुलामगिरी संपली. सरकारनं २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. त्यासाठी काढलेलं कर्ज इंग्लंडची जनता २०१५ पर्यंत फेडत होती. सुटलेल्या माणसांना एक पौंडही नाही. उलट १८३८ पर्यंत शिकाऊ मजूर म्हणून त्याच मालकाकडे बिनमजुरीनं राबायचं. ते मळे सोडून जाऊ लागले तसे हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसंही होती.

अमेरिकेत जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मननं दक्षिणेच्या किनाऱ्यालगतची जमीन सुटलेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटायचा हुकूम काढला. काही हजार कुटुंबं त्यावर बसलीसुद्धा. त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षानं, अँड्र्यू जॉन्सननं, बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या कसली होती ते त्याच वावरात बटाईनं राबू लागले आणि दुकानदाराच्या उधारीत अडकले.

जमीन स्वतःच्या बळावर घेतली ती कॅरिबियनमधल्या, फ्रान्सच्या ताब्यातल्या हैतीच्या गुलामांनी. १७९१ साली उठाव केला, नेपोलियनची फौज हरवली आणि १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र केला. १८२५ साली फ्रान्सच्या राजानं लढाऊ जहाजं पाठवून त्यांच्याकडे १५ कोटी फ्रँक मागितले. मळ्यांचे मालक बुडाले, त्यांची ही भरपाई. ती पुढं ९ कोटींवर आली, पण फेडायला कर्ज काढावं लागलं, तेही फ्रान्सच्याच सावकारांकडून. त्या कर्जाच्या साखळीतला शेवटचा हप्ता फिटला तेव्हा १९४७ साल उजाडलं होतं.